हनुवटीखालची गिटार

लगीनसराई सुरू झाली की आमच्या पुंडलिकनगरातल्या घरात सगळ्यात आधी मांडणीवरच्या वाट्यांना कळतं. वरात अजून दोन गल्ल्या लांब असते, तेवढ्यात वाट्या किणकिणायला लागतात. मग खिडकीची काच, मग पाण्याच्या पिंपावरचं झाकण, आणि शेवटी तो दणका थेट फासळ्यांच्या आत येऊन बसतो. शेजारपाजारचे लोक दारं लावून घेतात, पोलिसांना फोन करतात. मी गच्चीच्या पायरीवर बसून राहते. आवाज कानानं ऐकायचा असतो ही समजूत माझी फार वर्षांपूर्वी एका वैशाखात मोडली. त्या वैशाखाचा धक्का मला अजून बसतो. भाजी निवडतानासुद्धा बसतो. हात थांबतात, आणि मी तशीच बघत राहते.

गावाला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी फुलंब्रीहून औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आले. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, दारात वाळ्याचा पडदा. उन्हाळा लागल्यावर सासूबाई त्या पडद्यावर तांब्यानं पाणी मारायच्या आणि खोलीत ओल्या मातीसारखा, मुळ्यांसारखा वास पसरायचा. शहागंजात टरबुजांचे ढीग लागलेले, गुलमंडीवर मोगऱ्याचे गजरे. संध्याकाळी कुठूनतरी वाजंत्री ऐकू यायची आणि पत्रे गार होताना टक्-टक् करायचे.

त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा नवी नवरी म्हणून मी देव शोधत होते. देव होते, कोनाड्यात. पण समोरच्या भिंतीवर, जिथं आमच्याकडं आजोबांची तसबीर असते तिथं, खिळ्याला एक गिटार टांगलेली होती. मी दचकलेच. फुलंब्रीत गिटार फक्त पडद्यावर बघितलेली, हिरोच्या गळ्यात. ही तशी नव्हती. अंगानं भलीमोठी, पोट आणि पाठ दोन्ही फुगीर. मधोमध मधाचा रंग आणि कडेकडेला तो जळल्यासारखा काळपट होत गेलेला. पोटावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार चिरा. वरच्या रोगणाला केसाएवढ्या बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. खाली दोन बटणं आणि वायर खोचायचं भोक. म्हणजे विजेवर वाजणारी, आणि तरी आतून पूर्ण पोकळ.

"ही जर्मनीकडची," आमचे हे म्हणाले. आवाज इतका हळू की मला पुढं सरकावं लागलं. "छावणीत एक गोव्याचे अंकल होते. मुंबईच्या हॉटेलात वाजवायचे. त्यांनी मला शिकवलं. गावाकडं परत जाताना हिला माझ्याकडं ठेवून गेले. म्हणले, असली आता कुणी करत नाय."

यांचं नाव उत्तम. दिवसा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे आणि लगीनसराईत मुनीरभाईंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. इतकं हळू बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय, माझा भाऊ तर शेजारी बसून ओरडतो. मला वाटलं, शहरी माणूस आहे, रीतभात आहे.

पण काही गोष्टी खुपायच्या. मी स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, चहा ठेवू का?" उत्तर नाही. "अहो?" नाही. मग सासूबाई उठून जायच्या, त्यांच्या खांद्याला हात लावायच्या आणि समोर उभं राहून म्हणायच्या, "ती चहाचं विचारती." तेव्हा हे हसून म्हणायचे, "व्हय, ठेव की." मला रागच यायचा. मी विचारलेलं चालत नाही, आई मधे लागते!

आणि याच्या अगदी उलट, मी समोर बसून बोलायला लागले की हे माझ्या तोंडाकडं असं टक लावून बघायचे की मी लाजेनं अर्धी व्हायची. ओठांकडं बघायचे, डोळ्यांकडं नाही. मी पदर तोंडावर ओढला की कासावीस व्हायचे. "पदर काढ ना, सुमन." दिवसाढवळ्या, सासू घरात असताना! मैत्रिणींना सांगून मी खुदुखुदू हसायची.

सकाळी कचेरीत जायच्या आधी हे खाटेवर बसायचे, गिटार मांडीवर घ्यायचे. वायर लावायचे नाहीत. मान वाकवून हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि वाजवायचे. पोकळ असल्यामुळं विजेशिवायसुद्धा तिचा आवाज यायचा. खोलीपुरता, जाड, आतल्या आत गुणगुणल्यासारखा. मी कणीक मळता मळता ऐकायची आणि जळायची. माझ्याशी बोलताना चार शब्द, आणि हिला गाल लावून तासभर. कधी मी एकटी असताना तिच्या चिरेला नाक लावून बघायची. आत जुन्या पेटीचा वास यायचा, थोडा कापूर, थोडी तंबाखू, कुण्या परक्या घराचा.

चैत्रात मुनीरभाई घरी आले. मुनीरभाई म्हणजे तेल लावून मागं वळवलेले केस, हसरा चेहरा, काखेत एक लांब खोकं. त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी नवा, मोठा ॲम्प्लिफायर आणला होता आणि त्याच्यासमोर आमची पोकळ गिटार किंचाळायला लागायची. आवाज तिच्या पोटात शिरायचा, तिथून पुन्हा ॲम्प्लिफायरच्या पेटीत, पुन्हा पोटात, आणि शेवटी असा काही हंबरडा फुटायचा की वऱ्हाडी कानांवर हात ठेवायचे.

"भाभी, ये बाई का नखरा बहोत है," ते भिंतीकडं बोट दाखवत मला म्हणाले. "जरा पेटी के पास गई की रोने लगती. देखो, मैं क्या लाया!"

खोक्यातून लालभडक, चपटी, भरीव लाकडाची गिटार निघाली. पोळपाटासारखी. तिला चिरा नव्हत्या, पोट नव्हतं. मला ती फार आवडली.

यांनी हातात घेतली, हनुवटी टेकवून बघायला गेले, पण ती तेवढी उंचच नव्हती. खाली ठेवली. "मी जुनीच वाजवतो, मुनीरभाई."

"अरे नक्को ना यार! लोगां हसते. सीझन भरा हुआ है."

"जुनीच बरी."

"ये पहनो नहीं तो मैं दूसरा आदमी देखता," मुनीरभाई म्हणाले. चिडून नाही, अगदी कळवळून. यांनी त्यांच्या तोंडाकडं बघत ते वाक्य पूर्ण होऊ दिलं आणि होकाराची मान हलवली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "जुनीच घेऊन जा रे बाबा." त्यांचा चेहरा उतरला होता. म्हाताऱ्या माणसाला जुनं सुटत नाही, एवढंच मला वाटलं.

वैशाखात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं, फुलंब्रीत, आमच्याच मळ्याच्या कडंला. ऑर्केस्ट्रा कुणाचा आणायचा याची चर्चाच झाली नाही, जावईच वाजवणार होते. मी नवी साडी नेसून आधीच माहेरी गेलेली, बायकांमध्ये मिरवत होते. गोरज मुहूर्त. उन्हं तिरपी झाली होती, वावरातली धूळ मांडवावर सोन्यासारखी तरंगत होती. बुंदीचा वास, पेट्रोमॅक्स पेटवायची खटपट, अक्षतांची ताटं फिरत होती. बाजूच्या लाकडी स्टेजवर ऑर्केस्ट्रा. हे उंच स्टुलावर बसलेले, गळ्यात ती लाल गिटार, मान खाली, नजर बोटांवर. माझ्या मावशा मला कोपरखळ्या मारत होत्या.

भटजींनी माइक घेतला. "वाद्यं थांबवा. मुहूर्ताची घटिका आली." मुनीरभाईंनी हात वर केला. ढोलक थांबला, बाजा थांबला, झांज थांबली. अंतरपाट धरला गेला. सगळा मांडव उभा राहिला, आणि त्या शांततेत एक गिटार वाजतच राहिली.

मंगलाष्टकाची पहिली ओळ सुरू झाली तरी ती वाजत होती. जोरात, मजेत, नाचाच्या चालीत. माणसं वळली. कुणी हसलं. माझ्या काकांनी "अहो जावई!" म्हणून हाक मारली. यांची मान खाली. ओठांवर बारीक हसू. मुनीरभाई धावले आणि त्यांनी पेटीचं बटण बंद केलं.

आवाज गेला. बोटं चालूच राहिली.

ते दृश्य मी कसं सांगू? भरल्या मांडवात, शेकडो माणसांच्या समोर, एक माणूस डोलत, हसत, मन लावून गिटार वाजवतोय आणि त्या गिटारीतून काहीही येत नाही. तारांची नुसती टिक्-टिक्. भरीव लाकूड विजेशिवाय मुकं असतं. आणि त्याला ते माहीत नाही. गाणं चालू आहे असंच त्याला वाटतंय.

"पिऊन आलाय," माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. मला ठाऊक होतं, हे पीत नाहीत. मी बायकांमधून बाहेर पडले, स्टेजच्या मागून चढले आणि यांच्या पाठीशी उभी राहिले. अगदी हातभर अंतरावर. "अहो," मी म्हणाले. मग मोठ्यानं, "अहो!" मग, सगळ्या नातेवाइकांसमोर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, नाव घेऊन ओरडले, "उत्तम!"

मान हलली नाही.

चहाचं विचारणं, खांद्यावरचा सासूबाईंचा हात, पदर काढ ना सुमन, ओठांवरची ती नजर, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि एकदम उलटं झालं. मी प्रेम समजत होते. हे ओठ वाचत होते. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले, माझा चेहरा बघितला, मग मांडव बघितला, उभी माणसं, अंतरपाट. बोटं थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

मुनीरभाई आधी "पी के आया क्या रे?" म्हणून ओरडले. मी नुसता कानाला हात लावून दाखवला. ते पेटीवर मटकन बसले. "मेरेकू बोलना था ना रे," एवढंच म्हणाले, पुन्हा पुन्हा. त्याच संध्याकाळी त्यांनी ती लाल गिटार खोक्यात घातली आणि पुन्हा कधी आणली नाही.

गेल्या महिन्यात एक तरुण दंतवैद्य मुलगी आमच्याकडं आली होती. क्रांती चौकामागं तिचा दवाखाना आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती मित्रांबरोबर वाजवते. कुणाकडून तरी कळलं म्हणून गिटार बघायला आली. मी कापडातून काढून दिली तशी ती खाली फरशीवर बसली. "आजी, मी अशी फक्त फोटोत बघितलीय."

"इतकं काय आहे गं हिच्यात?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं.

तिला सांगताना धाप लागत होती. लाकूड पन्नास-साठ वर्षं वाजत राहिलं की सुकतं, हलकं होतं, आणि त्याचा आवाज मोकळा होतो. नव्यावर कितीही पैसे टाकले तरी ते मिळत नाही. अशा गिटारी उन्हाळ्यात तडकतात, मोठ्या पेटीसमोर रडतात, सांभाळायला कटकट. म्हणून लोकांनी भरीव घेतल्या, ह्या माळ्यावर गेल्या, मोडल्या, आणि आता जगात शोधत फिरतात. "आणि आजी, ही एकटी वाजत नाही. शेजारी तबला वाजला तरी हिचं अंग थरथरतं. बघा." तिनं माझा तळहात गिटारीच्या पाठीवर ठेवला आणि स्वतः नुसती "अं" म्हणाली. लाकडात मुंगी चालल्यासारखं झालं.

मला ते ठाऊक होतं. मांडवातल्या त्या दिवसाआधी इतके हंगाम यांना ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं उत्तर तेच होतं. ढोलक, बाजा, झांज, सगळं त्या पोकळ पोटात यायचं, पाठीतून छातीत, खांद्यावरून हनुवटीच्या हाडात. ढोलक थांबला की लाकूड थांबायचं. लाल गिटारीनं यांना काहीच सांगितलं नाही.

हे बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत होते. सत्तरी उलटली आहे. लग्नानंतर काही वर्षांनी मुंबईला ऑपरेशन झालं, उजवा कान बऱ्यापैकी उघडला, डावा तसाच राहिला. कानातलं एक बारीक हाडूक जाम झालेलं असतं, डॉक्टर म्हणाले होते. बाहेरचा आवाज अडतो, पण कवटीच्या हाडातून आलेला पोचतो, आणि स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो, म्हणून अशी माणसं हळू बोलतात. त्या मुलीनं यांना विचारलं, "आजोबा, वाजवाल?" यांनी वाजवली. उजवा कान चांगला असूनही हनुवटी टेकवली.

तर तो वैशाख. लग्नाची धावपळ उरकली आणि मी फुलंब्रीहून घरी आले. सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "दोन-तीन वर्षं झाली, कमी कमी होत गेलं. आधी लई चांगलं ऐकायचा."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दिली असती का तुला तुझ्या बापानं?"

मांडवात बसला त्यापेक्षा हा धक्का मोठा होता, कारण त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं. मी रडलेसुद्धा नाही. चूल पेटवली, भाकरी थापल्या, आणि भाकरी करपेपर्यंत तिच्याकडं बघत बसले. यांच्याशी बोलणं टाकलं. हे माझ्या ओठांकडं बघायचे, ओठ हलायचेच नाहीत. कचेरीत जायचे, यायचे. गिटार खिळ्यावरून काढली नाही.

मग दादा आला. माझा थोरला भाऊ. भर दुपारी, बसमधून उतरून तापलेल्या डांबरावरून चालत. घरात आला नाही. सासूबाईंनी तांब्या पुढं केला तर म्हणाला, "या घरचं पाणी नको. फसवलं आमाला." मग मला, "सुमे, सामान बांध. मी हितं पायरीवर बसतो."

मी ट्रंक काढली. साड्या भरल्या. हात यंत्रासारखे चालत होते. वाळ्याच्या पडद्यावर कुणी पाणी मारलं नव्हतं, तो कोरडा खडखडत होता. सासूबाई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. तेवढ्यात हे आले. जेवायच्या सुट्टीत घरी यायचे. पायरीवरच्या दादाला बघितलं, आत येऊन ट्रंक बघितली. मला वाटलं, आता हात धरतील, समजावतील. यांनी भिंतीवरची गिटार काढली, खाटेवर बसले, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली आणि त्या वळणदार चिरेवर बोट ठेवलं.

"इथं बोल."

मी उभीच.

"एकदा. मग जा. इथं तोंड लाव आणि बोल."

"काय बोलू?" माझे ओठ त्यांनी वाचले.

"काय पण. शिव्या दे."

मी खाली गुडघ्यांवर बसले. चिरेला ओठ लावले. आतून तोच वास आला, जुन्या पेटीचा. आणि इतके दिवस दाबलेलं सगळं त्या अंधारात ओतलं. "मला का नाय सांगितलंत? मी कोण होते तुमची? सगळ्यांना माहीत, मला एकटीला नाय?"

माझ्या ओठांखाली लाकूड थरथरलं, तारा आपसूक गुणगुणल्या. मी वर बघितलं. यांचे डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं माझ्या बोलण्यानं लागलं त्यांना.

"असा आवाज आहे व्हय तुझा?" ते म्हणाले.

मला कळेना.

"पाण्याखालून आल्यागत यायचा. मी बारीक समजत होतो. पोरीसारखा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गिटारीवर पडलं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसलं. "हा तर लई जाड आहे. आमच्या आक्कासारखा. अजून बोल."

मार्गशीर्षापासून मी त्या घरात होते. हसले होते, भांडले होते, दळताना ओव्या म्हटल्या होत्या, अंधारात यांच्या उशाशी काय काय कुजबुजले होते. आणि या माणसानं आज, ट्रंक भरल्यावर, माझा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. मग पुन्हा वाकले. भेंडी महाग झाली म्हणून सांगितलं. पत्र्यातून ऊन येतं म्हणून सांगितलं. ही गिटार मला सवतीसारखी वाटते, तेही सांगितलं. त्यावर हे डोळे मिटून हसले आणि त्यांचं हसू लाकडातून माझ्या ओठांना लागलं.

बाहेरून दादा ओरडला, "सुमे, चल आता! गाडी जाईल."

मी तोंड वर केलं नाही. चिरेतच म्हणाले, "दादा, मी नाय येत."

यांचे मिटलेले डोळे उघडले. सासूबाई भिंतीकडून वळल्या. पायरीवर चपला वाजल्या आणि दादानं पडद्याच्या पलीकडून विचारलं, "काय म्हणलीस? ऐकू नाय आलं."